धडधड थांबली, तरी गोळी चालू ठेवायची का?

मागच्या अंकात नाडी बेताल लागण्याच्या आजाराविषयी, म्हणजे एट्रियल फिब्रिलेशनविषयी, मी लिहिले होते. डॉक्टर मंडळी त्याला ‘एएफ’ म्हणतात, इथेही तेच म्हणते. त्यावर आलेल्या पत्रांत धडधडीबद्दल फारसे कुणी विचारलेले नाही. बहुतेकांना प्रश्न पडला आहे तो गोळीचा. रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून दिलेली गोळी घ्यायची का, किती दिवस घ्यायची, आणि तिच्यामुळे रक्तस्राव झाला तर काय करायचे? मिरजेत माझ्या ओपीडीत जत, कवठेमहांकाळपासून अथणीपर्यंतचे रुग्ण येतात, त्यांचेही हेच विचारणे असते. म्हणून या वेळी फक्त त्यावरच बोलू. पत्रलेखकांची नावे गाळली आहेत.

प्रश्न : माझे वडील ७२ वर्षांचे, एसटीतून वाहक म्हणून निवृत्त. बीपी आणि शुगर दोन्ही आहे, पण गोळ्यांनी ताब्यात आहे. मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी ईसीजी काढला, त्यात एएफ निघाला. त्यांना ना धडधड, ना दम. रोज सकाळी भगवंताच्या देवळापर्यंत चालत जाऊन येतात. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी अ‍ॅस्पिरिनची छोटी गोळी सुरू केली. सोलापूरच्या डॉक्टरांनी ती बंद करून गुठळी रोखणारे अपिक्साबान लिहून दिले आणि कायम घ्या म्हणाले. शेजारी सांगतात, या गोळीने मेंदूत रक्तस्राव होतो. काहीच त्रास नसलेल्या माणसाला इतकी जड गोळी कशाला? (बार्शी)

उत्तर : वडिलांना काही जाणवत नाही, याचीच मला जास्त काळजी वाटते. ज्याला धडधड होते तो डॉक्टरकडे येतो, त्याचा ईसीजी निघतो, उपचार सुरू होतात. ज्याला काहीच होत नाही त्याचा एएफ कित्येकदा पॅरालिसिसचा झटका येऊन गेल्यावरच हॉस्पिटलात पहिल्यांदा सापडतो. तुमच्या वडिलांचा मोतीबिंदूच्या निमित्ताने आधी सापडला, हे फार चांगले झाले.

हृदयाचे वरचे दोन कप्पे दर ठोक्याला आकुंचन पावतात आणि रक्त खालच्या कप्प्यांत ढकलतात. एएफमध्ये ते आकुंचन पावायचे सोडून नुसते थरथरतात. डाव्या वरच्या कप्प्याला बोटाएवढी एक छोटी पिशवी असते. ओढ्याच्या वळणावर पाणी थबकते तिथे गाळ बसावा, तसे त्या पिशवीत रक्त रेंगाळते आणि त्याची गुठळी होते. झडपेचा आजार नसलेल्या एएफच्या रुग्णांत वरच्या कप्प्यात गुठळी सापडलीच, तर दहांतल्या नऊ वेळा ती या पिशवीतच असते. तिथून सुटलेली गुठळी महाधमनीत येते आणि मेंदूकडे जाऊ शकते. ती आकाराने मोठी असते, त्यामुळे मोठी रक्तवाहिनी बंद करते. एएफमुळे येणारा झटका इतर झटक्यांपेक्षा जबर असतो तो यामुळे. आणि एएफ असलेल्याला असा झटका येण्याचा धोका, एएफ नसलेल्या तेवढ्याच वयाच्या माणसापेक्षा साधारण पाचपट असतो. यात कुठेही धडधडीचा संबंध येत नाही, हे लक्षात घ्या. वरचा कप्पा थरथरतो आहे, एवढे गुठळीला पुरते. माणसाला ते जाणवो वा न जाणवो.

गोळी कुणाला द्यायची हे आम्ही गुण मोजून ठरवतो. हृदय कमजोर असेल तर १, बीपी १, मधुमेह १, आधी हार्ट अ‍ॅटॅक किंवा पायाच्या रक्तवाहिन्यांचा आजार १, वय ६५ ते ७४ असेल तर १ आणि ७५ पासून पुढे २. आधी पॅरालिसिस होऊन गेला असेल तर २. पूर्वी स्त्री असण्याचाही एक गुण धरत असत. युरोपच्या हृदयतज्ज्ञांच्या संघटनेने २०२४ च्या मार्गदर्शनात तो गाळला. गुण २ किंवा जास्त झाले की गोळी द्यावी, असा सल्ला आहे. तुमच्या वडिलांचे वय, बीपी आणि शुगर मिळून ३ होतात. निरनिराळ्या अभ्यासांत आकडा थोडा मागेपुढे होतो, पण असे शंभर लोक औषधाविना राहिले तर वर्षभरात त्यांतल्या साधारण तिघांना झटका येतो. एका वर्षाला तीन म्हणजे थोडे वाटतात. वडील आणखी दहा-पंधरा वर्षे जगणार आहेत, असे धरून तो हिशेब करा.

आता अ‍ॅस्पिरिन. आपल्याकडे ‘रक्त पातळ करायची गोळी’ म्हटली की अ‍ॅस्पिरिन, हे इतके पक्के बसले आहे की ते खोडून काढायला मला रोज वेळ द्यावा लागतो. अ‍ॅस्पिरिन रक्तातल्या प्लेटलेट एकमेकींना चिकटू देत नाही. हार्ट अ‍ॅटॅकनंतर, स्टेंटनंतर तिचा उपयोग मोठा आहे. पण संथ रक्तात होणारी गुठळी मुख्यतः रक्त गोठवणाऱ्या प्रथिनांमुळे होते आणि अ‍ॅस्पिरिन तिथे फार तोकडी पडते. इंग्लंड आणि वेल्समध्ये ७५ वर्षांवरील ९७३ एएफ रुग्णांवर अभ्यास झाला, तो २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. निम्म्यांना वॉरफरिन ही गुठळी रोखणारी जुनी गोळी दिली, निम्म्यांना अ‍ॅस्पिरिन. मोठे झटके व तत्सम घटना वॉरफरिनवर वर्षाला १.८ टक्के, अ‍ॅस्पिरिनवर ३.८ टक्के. आणि ज्या रक्तस्रावाच्या भीतीने म्हाताऱ्या माणसांना अ‍ॅस्पिरिनवर ठेवतात, तो दोन्ही गटांत जवळपास सारखाच झाला. २०११ मध्ये अपिक्साबान आणि अ‍ॅस्पिरिनची तुलना झाली. तिथेही हेच दिसले: झटके १.६ विरुद्ध ३.७ टक्के, मोठे रक्तस्राव जवळपास तेवढेच. त्यामुळे ‘सौम्य म्हणून अ‍ॅस्पिरिन’ हा युक्तिवाद मी मान्य करत नाही. त्यात धोका तोच राहतो आणि संरक्षण मात्र जवळजवळ मिळत नाही. ज्यांना स्टेंट बसवला आहे त्यांचे गणित वेगळे, त्यांनी हे वाचून स्वतःहून काही बंद करू नये.

शेजाऱ्यांचे म्हणणे खोटे नाही. मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. पण वॉरफरिनच्या मानाने अपिक्साबानसारख्या नव्या गोळ्यांवर तो निम्म्याच्या आसपास होतो, आणि त्यातला बराचसा टाळता येतो. वडिलांचे बीपी १३० च्या आसपास ठेवा. गोळी सुरू करण्याआधी हिमोग्लोबिन, प्लेटलेट, क्रिएटिनिन आणि यकृताची तपासणी झाली आहे ना ते पाहा. थायरॉइड आणि इको (हृदयाची सोनोग्राफी) झाला नसेल तर करून घ्या. क्रिएटिनिन पुढे वर्षातून एकदा तरी तपासायचेच, कारण ही औषधे कमी-अधिक प्रमाणात मूत्रपिंडातून बाहेर पडतात. शौचाला डांबरासारखी काळी झाली, लघवी लाल झाली, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. दाढी करताना कापले आणि रक्त थांबायला थोडा जास्त वेळ लागला, तर घाबरू नका, दाबून धरा.

मोतीबिंदूसाठी ही गोळी बहुधा थांबवावी लागत नाही. डोळ्यांच्या डॉक्टरांना आधी सांगा, म्हणजे भूल कशी द्यायची ते त्यांना ठरवता येईल. आणि खर्चाचे तुम्ही लिहिले नाही, पण मनात असेलच. पेटंट संपल्यापासून बऱ्याच भारतीय कंपन्यांची अपिक्साबान बाजारात आहे आणि किमती पूर्वीच्या मानाने खूप उतरल्या आहेत. परवडत नसेल तर डॉक्टरांना मोकळेपणाने सांगा, स्वस्त जेनेरिक मागा. परवडत नाही म्हणून दोनदाची गोळी एकदाच घेणारे लोक मला दर आठवड्याला भेटतात, आणि त्याचे मला खरेच वाईट वाटते. सांगितले असते तर मार्ग निघाला असता.

प्रश्न : माझे वय ३३. लहानपणी सांधे सुजून ताप यायचा. लग्नानंतर कळले की हृदयाची मायट्रल झडप आकसली आहे. पाच वर्षांपूर्वी बलून करून झडप उघडली, पण ती अजून थोडी अरुंद आहे असे इकोत येते. आता एएफही आहे. गुठळी होऊ नये म्हणून अ‍ॅसिनोकोमॅरॉल घेते आणि दर महिन्याला पीटी-आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ झाले ते, तपासायला बसने जाते. कधी १.४ येतो, कधी ४ च्या वर. पुण्यातली नणंद म्हणते, आता तपासणी न लागणाऱ्या नव्या गोळ्या आल्यात, तू कशाला ही जुनी घेतेस? आम्हाला दुसऱ्या मुलाचाही विचार करायचा आहे. (गडहिंग्लज)

उत्तर : ताई, नणंदेला तुमची काळजी आहे हे कळते, पण तिचे ऐकून गोळी बदलू नका. तुमचा एएफ आणि बार्शीच्या त्या काकांचा एएफ हे एकाच नावाचे दोन आजार आहेत. रुमॅटिक तापाने आकसलेल्या झडपेमागे वरचा कप्पा फुगतो, रक्त त्यात आणखीच साचते. अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम गावात वर्षानुवर्षे चाललेल्या पाहणीत अशा रुग्णांचा झटक्याचा धोका सतरापट आढळला होता. म्हणून तुमच्यासारख्यांचे गुण मोजत बसायचे नसते. वय ३३ असले तरी गोळी लागतेच.

नव्या गोळ्या इथे चालतील का, हे नीट तपासले गेले आहे. भारतासह २४ देशांतल्या साडेचार हजारांवर रुमॅटिक रुग्णांवर झालेला अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातल्या बहुतेक स्त्रिया होत्या आणि सरासरी वय पन्नाशीच्या आसपास. निम्म्यांना रिव्हरोक्साबान, निम्म्यांना जुनी गोळी. बऱ्याच जणांना वाटले होते की नवी गोळी जिंकेल. झाले उलटे. जुन्या गोळीवरच्या गटात मृत्यू कमी झाले, झटकेही कमी झाले, आणि रक्तस्राव काही जास्त झाला नाही. तुमच्या आजारात आज तीच गोळी योग्य आहे. कृत्रिम धातूची झडप बसवलेल्यांनाही हेच लागू.

खरी अडचण आयएनआर वरखाली होण्याची आहे, आणि तिथे बरेच काही करता येते. तुमचा आयएनआर २ ते ३ च्या मध्ये राहायला हवा. १.४ म्हणजे संरक्षण अपुरे आणि ४ च्या वर म्हणजे रक्तस्रावाचा धोका. गोळी रोज संध्याकाळी एकाच वेळी घ्या. संध्याकाळी अशासाठी, की सकाळी रक्त दिले आणि दुपारी आकडा आला तर त्याच दिवसाचा डोस बदलता येतो. कॅलेंडरवर तारखेखाली त्या दिवशी किती मिलिग्रॅम घेतले ते लिहा. मेडिकलमधून दर वेळी त्याच कंपनीची, त्याच मिलिग्रॅमची गोळी मागा. वॉरफरिन आणि अ‍ॅसिनोकोमॅरॉल यांचे मिलिग्रॅम सारखे नसतात, दुकानदाराने ‘एकच आहे’ म्हणून दुसरी दिली तर घेऊ नका.

पालेभाज्या सोडायला कुणी सांगितले असेल तर ते विसरा. मेथी, पालक, शेपू, अळू, शेवग्याचा पाला यांत ‘के’ जीवनसत्त्व असते आणि ते गोळीचा परिणाम कमी करते, हे खरे. पण आठवड्यातून तीनदा खात असाल तर तीनदाच खात राहा. डोस त्या खाण्यावर बसवता येतो. घोटाळा होतो तो एकदम बदल झाला की. नवरात्राचे नऊ दिवस भगर आणि बटाट्यावर काढले की पालेभाजी थांबते आणि आयएनआर चढतो. दसऱ्यानंतर मेथीच्या जुड्या स्वस्त होतात, रोज भाजी होते, की तो उतरतो. कडक उपवास करायचे असतील तर डॉक्टरांना आधी सांगून मध्ये एक तपासणी वाढवा. औषधांचे त्याहून जपायला हवे. जुलाबासाठीचे मेट्रोनिडाझोल, बुरशीवरचे फ्लुकोनाझोल, को-ट्रायमोक्साझोल यांनी आयएनआर झपाट्याने वाढतो. क्षयरोगाच्या उपचारातले रिफाम्पिसिन तो एकदम पाडते. कुठलेही नवे औषध सुरू झाले, बंद झाले, की तीन ते पाच दिवसांत आयएनआर करा. दर तीन आठवड्यांनी घ्यायचे पेनिसिलिनचे इंजेक्शन तुमच्या डॉक्टरांनी सुरू ठेवले असेल तर ते चुकवू नका. आधीच दुखावलेल्या झडपेवर तापाचा पुन्हा घाव नको.

बाळाविषयी. हे पत्र तुम्ही दिवस जाण्याआधी लिहिलेत याचा मला आनंद झाला, कारण या प्रश्नाला वेळ हवा. जुन्या गोळीने गर्भाला इजा होण्याचा धोका सहाव्या ते बाराव्या आठवड्यात सर्वांत जास्त असतो, आणि बऱ्याच जणींना दिवस राहिल्याचे कळते तेच सहाव्या आठवड्याच्या आसपास. नव्या गोळ्या गरोदरपणात चालत नाहीत. म्हणून काही आठवडे पोटावर टोचून घ्यायची हेपारिनची इंजेक्शने, मग पुन्हा गोळी, बाळंतपणाच्या आधी पुन्हा इंजेक्शन, असा आराखडा आधीच ठरवावा लागतो. त्याहून महत्त्वाचे म्हणजे झडप. गरोदरपणात शरीरातले रक्त खूप वाढते आणि अरुंद झडपेतून ते पुढे सरकत नाही, फुप्फुसात पाणी भरू शकते. तेव्हा आधी नवा इको, झडप किती अरुंद आहे त्याचे माप, गरज असेल तर पुन्हा बलून, आणि मग बाळ. हृदयतज्ज्ञ आणि प्रसूतितज्ज्ञ दोघे एकमेकांशी बोलतील अशाच ठिकाणी नाव घाला. तोपर्यंत पाळी लांबवण्यासाठी किंवा गर्भ राहू नये म्हणून इस्ट्रोजेन असलेल्या गोळ्या घेऊ नका, त्यांनी गुठळ्यांचा धोका वाढतो. साधन डॉक्टरांना विचारून निवडा. आणि पाळी आठवडाभर जरी लांबली तरी वाट न पाहता तपासणी करून कळवा. सासूबाईंना आणि मिस्टरांना हे पान वाचायला द्या, कारण ‘लवकर होऊन जाऊ दे’ असा आग्रह घरात होतो, आणि तो प्रेमापोटी असला तरी तुमच्या जिवाशी गाठ आहे.

प्रश्न : आई ८४ वर्षांची, वजन ४६ किलो. अपिक्साबान अडीच मिलिग्रॅम दोनदा घ्यायची. दिवाळीत न्हाणीघरात घसरली, दंडावर मोठा काळा-निळा डाग पडला. तेव्हापासून मोठ्या भावाने गोळी बंद केली आहे. आईही म्हणते, आता माझे वय झाले, मला मरणाची भीती नाही, गोळ्या पुरेत. मी नाशिकला असते, घरात वाद नको वाटतो. पण मन थाऱ्यावर नाही. (चाळीसगाव)

उत्तर : तुमचे मन थाऱ्यावर नाही ते बरोबरच आहे. आईंचा डोस चुकीचा नव्हता. वय ८० किंवा जास्त, वजन ६० किलो किंवा कमी, क्रिएटिनिन १.५ किंवा जास्त, या तिनांपैकी दोन गोष्टी असतील तर अपिक्साबान अडीच मिलिग्रॅम दोनदा द्यायचे असते. आईंच्या बाबतीत वय आणि वजन दोन्ही बसतात. (हा छोटा डोस ‘सुरक्षित म्हणून’ ६८ वर्षांच्या धडधाकट माणसानेही घ्यायचा, असे मात्र नाही. तो त्याला पुरत नाही.)

पडण्याची भीती सगळ्यांना वाटते. कॅनडातल्या डॉक्टरांनी १९९९ मध्ये एक हिशेब मांडला होता: वॉरफरिन घेणाऱ्या वृद्धाच्या बाबतीत, पडून डोक्यात रक्तस्राव होण्याचा तोटा गोळीच्या फायद्याहून जास्त व्हायला त्याने वर्षात सुमारे २९५ वेळा पडावे लागेल. हा कागदावरचा हिशेब आहे, पण पारडे किती झुकलेले आहे ते त्यातून कळते. वय वाढते तसा रक्तस्रावाचा धोका वाढतो, तसा झटक्याचाही वाढतो, आणि तो जास्त वेगाने. जपानमध्ये ८० वर्षांवरच्या, नेहमीचा डोस झेपणार नाही अशा ९८४ नाजूक रुग्णांना एडोक्साबान या आणखी एका नव्या गोळीचा अगदी छोटा डोस किंवा नुसती दिसायला तशीच गोळी देऊन पाहिले. तो अभ्यास २०२० मध्ये आला. झटके वर्षाला २.३ टक्के विरुद्ध ६.७ टक्के. पोट-आतड्यातला रक्तस्राव गोळीवर जास्त झाला, हेही सांगायला हवे. पण आईंच्या अंगकाठीच्या माणसांतही गोळी कामाची आहे, हे त्यातून दिसले.

दंडावरचा डाग दिसतो, म्हणून भाऊ घाबरले. त्या डागाने आईंना काही होणार नाही, तो दोन-तीन आठवड्यांत जातो. डोक्याला मार लागला तर मात्र, त्या अगदी नीट बोलत असल्या तरी, सीटी स्कॅन करून घ्यायचा. ते थांबवून ठेवायचे नाही.

आई म्हणतात मरणाची भीती नाही. त्यांचा तो अधिकार आहे आणि निर्णय त्यांचाच असावा. फक्त त्यांना एक गोष्ट शांतपणे सांगा. हा झटका पुष्कळदा मारत नाही. एक बाजू घेऊन जातो, वाचा घेऊन जातो, आणि माणूस वर्षानुवर्षे अंथरुणावर, दुसऱ्याच्या हातून खात राहतो. ही गोळी आयुष्य लांबवायला म्हणून दिलेली नाही, शेवटपर्यंत स्वतःच्या पायाने न्हाणीघरापर्यंत जाता यावे म्हणून दिलेली आहे. माझ्या अनुभवात असे सांगितल्यावर बहुतेक आज्या गोळी पुन्हा घेतात. तरीही आई नको म्हणाल्या तर आग्रह करू नका. डॉक्टरांसमोर एकदा बोलणे होऊ द्या आणि मग त्यांचे ऐका.

भावाशी वाद घालू नका, त्याला कामाला लावा. न्हाणीघरात धरायला दांडी, ओल्या फरशीवर रबरी पट्टी, रात्रभर छोटा दिवा, कमोड. रात्रीची झोपेची गोळी चालू असेल तर ती खरोखर हवी का, हे डॉक्टरांना विचारा. उभे राहिल्यावर बीपी उतरते का, चष्म्याचा नंबर बदलला आहे का, हे पाहून घ्या. गोळी पुन्हा सुरू करण्याआधी क्रिएटिनिन आणि हिमोग्लोबिन एकदा करा.

थोडक्यात विचारलेले प्रश्न आता एकत्र घेते.

गोळी विसरली तर? (चिपळूण, लातूर, बेळगाव) दिवसातून दोनदाची गोळी असेल आणि सहा तासांच्या आत आठवली तर घ्या. एकदाची असेल तर बारा तासांच्या आत. त्यानंतर आठवली तर ती सोडून पुढची वेळेवर घ्या. दोन गोळ्या एकदम कधीही नाही. या गोळ्यांचा परिणाम दिवसभरात ओसरतो, म्हणून दोन दिवस गोळी संपून राहणे म्हणजे दोन दिवस संरक्षण नसणे. गावाला, वारीला निघताना गोळ्या आधी पिशवीत. रिव्हरोक्साबान १५ किंवा २० मिलिग्रॅमची असेल तर ती जेवणाबरोबरच घ्या, उपाशीपोटी ती नीट शोषली जात नाही. एकादशीला पोटभर फराळाबरोबर चालेल, नुसत्या चहावर नाही. डॅबिगॅट्रानची कॅप्सूल उघडून घेऊ नये आणि मूळ पाकिटातून काढून डबीत भरून ठेवू नये.

दाढ काढायची आहे, डेंटिस्ट म्हणतात आठ दिवस गोळी बंद करा. (इचलकरंजी) आठ दिवस कशाला? एक-दोन दाढा काढायला ही गोळी बहुधा बंदच करावी लागत नाही. जखमेत बोळा, टाका आणि ट्रॅनेक्सॅमिक अ‍ॅसिडच्या चुळा पुरतात. मोठ्या ऑपरेशनला नव्या गोळ्या साधारण एक ते तीन दिवस आधी थांबवतात, मूत्रपिंड कसे आहे त्यावर ते ठरते. गोळी देणारे डॉक्टर आणि कापणारे डॉक्टर यांना फोनवर बोलायला लावा.

गुडघे दुखतात, डायक्लोफिनॅक घेऊ का? (परभणी) नको. डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन आणि त्या जातीच्या गोळ्या जठरातून रक्तस्राव घडवतात आणि या गोळीबरोबर तो धोका दुणावतो. पॅरासिटामॉल, शेक, मांडीच्या स्नायूंचे व्यायाम, वजन कमी करणे. ‘दोन दिवसांत आराम’ देणाऱ्या बिनलेबलच्या पुड्या अजिबात घेऊ नका, त्यांत स्टिरॉइड किंवा हीच वेदनाशामके मिसळलेली सापडतात.

वय ४१, घड्याळाने एएफचा इशारा दिला. (हिंजवडी) घड्याळाचा इशारा म्हणजे निदान नव्हे; ईसीजीवर किमान तीस सेकंद तरी तो ताल दिसला पाहिजे. तो इशारा दुर्लक्षूही नका. एएफ खरा निघाला आणि बाकी काही आजार नसेल तर तुमचे गुण शून्य, म्हणजे गुठळीची गोळी लागत नाही. पण कारण शोधा: थायरॉइड, बीपी, घोरणे आणि झोपेत श्वास अडकणे, वजन, शनिवार-रविवारची दारू. ऑस्ट्रेलियात १४० पिणाऱ्या एएफ रुग्णांपैकी निम्म्यांना दारू जवळजवळ सोडायला लावली. सहा महिन्यांत एएफ परत आला तो सोडणाऱ्यांत ५३ टक्के, चालू ठेवणाऱ्यांत ७३ टक्के लोकांना. अ‍ॅडलेडच्या एका गटाने दाखवले की लठ्ठ रुग्णांनी वजन दहा टक्के उतरवून ते टिकवले तर एएफ पुष्कळच मागे हटतो. चाळिशीत हे करणे सोपे आहे, साठीत कठीण जाते.

अ‍ॅब्लेशन (तार घालून हृदयातला बेतालपणा जाळून थांबवणे) झाले, ताल सुधारला, धडधड गेली. आता गोळी बंद? (ठाणे) हा प्रश्न सर्वांत जास्त जणांनी विचारला. अ‍ॅब्लेशननंतर दोन-तीन महिने गोळी सगळ्यांनाच. पुढे ती चालू ठेवायची का, हे मी वर सांगितलेल्या गुणांवर ठरते, धडधडीवर नाही. एएफ अधूनमधून, न जाणवता परत येत राहतो. गोळ्यांनी ताल सुधारलेल्यांनाही हेच लागू. वाळव्याकडचे एक ऊस बागायतदार माझे रुग्ण आहेत. बरे वाटले म्हणून त्यांनी गळिताच्या हंगामात गोळी सोडली. आज त्यांचा उजवा हात चालत नाही. विचारलेले सगळे समजते, पण उत्तर ओठांवर येत नाही. त्यांच्या पत्नींनी मला सांगितले आहे की हे लिहा, म्हणून लिहिते आहे.

प्रश्न : आम्ही दोघेच राहतो. यांना एएफ आहे, गोळी चालू आहे. रात्री काही झाले तर मी काय करू? गावात डॉक्टर नाही. (आटपाडी तालुका)

उत्तर : तोंड एका बाजूला वाकडे झाले, एक हात किंवा पाय लुळा पडला, बोलणे जडावले किंवा भलतेच शब्द येऊ लागले, एकाएकी दिसेनासे झाले किंवा तोल गेला, यांतले एक जरी झाले तरी सकाळची वाट पाहू नका. पाच-दहा मिनिटांत आपोआप बरे झाले तरीही. १०८ ला फोन करा आणि ‘पॅरालिसिसचा झटका’ असे स्पष्ट सांगा. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन सुरुवातीच्या साडेचार तासांत द्यावे लागते, तेही सीटी स्कॅन झाल्यावर. मोठी रक्तवाहिनी बंद असेल तर तार घालून गुठळी काढता येते; निवडक रुग्णांत ते चोवीस तासांपर्यंत करतात, पण जितके लवकर तितका मेंदू वाचतो. एएफच्या गोळीवर असलेल्या माणसाला इंजेक्शन देता येत नसले, तरी तार घालून गुठळी काढता येऊ शकते. तेव्हा ‘गोळी चालू आहे, आता काही करता येणार नाही’ असे समजून घरी थांबू नका.

डॉक्टर तुम्हाला दोन वेळा विचारतील. एक, ते शेवटचे ठीक दिसले ती वेळ. दोन, शेवटची गोळी घेतली ती वेळ. दोन्ही कागदावर लिहा, गोळीचे पाकीट बरोबर घ्या. तोंडात पाणी, चहा, गोळी काही घालू नका, गिळता न आल्यास ते फुप्फुसात जाते. अ‍ॅस्पिरिनही नाही, कारण तो रक्तस्रावही असू शकतो. बोटांना सुई टोचून रक्त काढायचा मेसेज मोबाइलवर फिरतो, त्यात वेळ घालवू नका. एका कुशीवर झोपवा.

आजच दिवसाउजेडी एवढे करून ठेवा. तुमच्यापासून जवळचे, रात्रीही सीटी स्कॅन चालू असणारे हॉस्पिटल कोणते, ते तुमच्या डॉक्टरांना विचारून घ्या. त्याचा नंबर आणि शेजारच्या गाडीवाल्याचा नंबर भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहा. यांच्या पाकिटात एक चिठ्ठी ठेवा: नाव, वय, एएफ, गोळीचे नाव, मिलिग्रॅम, तुमचा फोन नंबर. १०८ ची गाडी यायला उशीर होईल असे कळले तर गाडीवाल्याला उठवा आणि निघा, वाटेतच त्या हॉस्पिटलला फोन करून सांगा की झटक्याचा रुग्ण येतो आहे.